‘खेइमोन’ : हिवाळा की आगोट?
नव्या करारातील एका ग्रीक ऋतुवाचक शब्दाच्या मराठी भाषांतराचा विचार

प्रास्ताविक

भाषांतरमीमांसेचा तास चालू असताना काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न हे या लेखाचे निमित्त आहे. मार्कच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचा उतारा वर्गात वाचला जात होता. यरुशलेमवर येणाऱ्या संकटाचे वर्णन करताना येशू आपल्या शिष्यांना डोंगरांकडे पळून जाण्यास सांगतो, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पिणारी मुले असलेल्या माता यांच्याविषयी कळवळा व्यक्त करतो आणि हा प्रसंग हिवाळ्यात येऊ नये म्हणून प्रार्थना करा, असे म्हणतो. विद्यार्थी खोचिवड्याच्या कोळी कुटुंबातील होता. त्याने सहज विचारले, “सर, हिवाळ्यात तर पळायला सोपं. पावसात येऊ नये असं म्हणायला हवं ना?”

वर्गात हशा पिकला. प्रस्तुत लेखकाने त्या वेळी पॅलेस्टाइनमधील कडाक्याच्या थंडीचा दाखला देऊन वेळ मारून नेली. ते उत्तर अपुरे होते हे मूळ ग्रीक शब्दाचा शोध घेऊ लागल्यावर ध्यानात आले. विद्यार्थ्याला ग्रीक येत नव्हते, परंतु ग्रीक शब्दाचा अर्थ त्याने भाषांतरापेक्षा अधिक अचूक पकडला होता.

वसई परिसरात हा प्रश्न केवळ कोशगत उरत नाही. येथील ख्रिस्ती समाज दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत शास्त्रपाठ मराठीतून ऐकत आला आहे. त्यातील पुष्कळांचे जीवन शेती, बागायत, मिठागर किंवा मासेमारी यांच्याशी आजही या ना त्या प्रकारे जोडलेले आहे. ऋतूचे नाव उच्चारताच अशा श्रोत्याच्या मनात कामांचे, भयाचे आणि निश्चिंतीचे एक संपूर्ण वेळापत्रक उभे राहते. ते वेळापत्रक आणि मूळ संहितेचे वेळापत्रक परस्परविरुद्ध असतील, तर अचूक वाटणारा शब्दही वाचकाला उलट दिशेने नेतो. ‘खेइमोन’ या शब्दाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

शब्द आणि त्याचे कुळ

नव्या करारात ‘खेइमोन’ हे नाम सहा ठिकाणी येते : मत्तय १६:३ व २४:२०, मार्क १३:१८, योहान १०:२२, प्रेषितांची कृत्ये २७:२० आणि तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र ४:२१. ग्रीक कोश याचे दोन अर्थ देतात : वादळी, पावसाळी हवा हा एक आणि अशी हवा ज्या ऋतूत असते तो ऋतू, म्हणजे हिवाळा, हा दुसरा. कोशात हे दोन अर्थ क्रमांक घालून वेगळे केलेले असले, तरी भूमध्य समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसाच्या अनुभवात ते वेगळे नव्हते. तेथे पाऊस येतो तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत आणि त्याचा जोर डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत असतो. उन्हाळा जवळजवळ पूर्ण कोरडा. यरुशलेममध्ये वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा या थंडीच्या अर्धवर्षात पडतो. म्हणून ग्रीक भाषिकाला ‘खेइमोन’ म्हणताना पाऊस, वारा, चिखल, खवळलेला समुद्र आणि थंडी ही सारी एकत्र दिसतात.

आपल्या किनाऱ्यावर याच्या नेमके उलट आहे. मुंबई-वसईच्या पट्ट्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ओतला जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा, स्वच्छ आणि सुखाचा. समुद्र शांत, रस्ते कोरडे, मिठागरांची कामे सुरू, लग्नसराई जवळ आलेली. नाताळचा सणही याच हवेत येतो. कोकणातील माणसाला हिवाळ्याचे भय वाटण्याचे कारण नाही.

येथे व्युत्पत्तीने एक गंमत करून ठेवली आहे. ‘खेइमोन’ आणि मराठी ‘हिवाळा’ हे शब्द एकाच कुळातले आहेत. ग्रीक ‘खेइमोन’ व ‘खिओन’ (बर्फ), लॅटिन ‘हिएम्स’, संस्कृत ‘हिम’ व ‘हेमन्त’ ही सारी एकाच आदिम धातूची अपत्ये. त्या ‘हिम’पासून आपले ‘हीव’, ‘हिवताप’ आणि ‘हिमकाल’चा ‘हिवाळा’. म्हणजे मराठी भाषांतरकाराने ‘खेइमोन’साठी ‘हिवाळा’ निवडला तेव्हा त्याने नकळत सख्ख्या भावंडाचीच निवड केली. परंतु हे भावंड दुसऱ्या देशात वाढले आणि त्याचा स्वभाव पालटला. ऋग्वेदात वर्षांची मोजणी ‘हिम’ आणि ‘शरद’ या शब्दांनी होताना दिसते. पुढे वर्षासाठी ‘वर्ष’ हाच शब्द रूढ झाला, आणि तो पावसाचा शब्द आहे. मराठी माणूसही आपला अनुभव सांगताना ‘चार पावसाळे अधिक पाहिले’ असेच म्हणतो, ‘चार हिवाळे’ म्हणत नाही. आयुष्य ज्या ऋतूने मोजावे तो खडतर ऋतू आपल्याकडे पावसाळा आहे.

(याच्या उलट उदाहरण कृत्यांच्या २७व्या अध्यायातच आहे. तेथील वाऱ्याला ‘तिफोनिकोस’ हे विशेषण लावलेले आहे आणि मराठीत त्याला ‘तुफानी’ म्हटले की ध्वनिसाम्याने मन हरखते. पण आपला ‘तुफान’ अरबी-फारसीतून आलेला आहे. त्याचा ग्रीक शब्दाशी संबंध काय, हा वादाचा विषय आहे. एका ठिकाणी नाते संशयित पण अर्थ जुळतो, दुसऱ्या ठिकाणी नाते पक्के पण अर्थ फसवतो.)

जुन्या ग्रीक भाषांतराची साक्ष

‘खेइमोन’मध्ये पावसाचा अर्थ किती ठळक होता हे पाहण्यासाठी हिब्रू शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतराकडे, म्हणजे सेप्टुअजिंटकडे, वळणे उपयुक्त ठरते. एज्राच्या ग्रंथात दहाव्या अध्यायात एक चित्रमय प्रसंग आहे. नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी सारे लोक मंदिरासमोरच्या चौकात बसलेले आहेत आणि थरथर कापत आहेत. त्याची दोन कारणे दिली आहेत, पुढ्यात असलेला गंभीर विषय आणि पाऊस. हिब्रूमध्ये येथे ‘गेशेम’चे अनेकवचन आहे आणि त्याचा अर्थ निःसंदिग्धपणे ‘पावसाच्या सरी’ असा होतो. ग्रीक भाषांतरकाराने तेथे ‘खेइमोन’ लिहिले. भिजलेल्या, कुडकुडणाऱ्या माणसांसाठी त्याला हा एक शब्द पुरेसा वाटला.

दुसरा दाखला गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायातील वसंतवर्णनाचा. प्रियकर प्रेयसीला बाहेर बोलावतो. थंडीचा काळ सरला, पाऊस ओसरून गेला, असे दोन समांतर चरण तेथे आहेत. हिब्रू काव्यरचनेचा नियम असा की दुसरा चरण बहुधा पहिल्याचाच अर्थ वेगळ्या शब्दांत सांगतो. ग्रीकमध्ये पहिल्या चरणात ‘खेइमोन’ आहे आणि दुसऱ्यात पावसाचा शब्द. दोन्ही एकच गोष्ट सांगतात. मराठीत मात्र पहिल्या चरणात ‘हिवाळा’ ठेवला की समांतरता मोडते. आपला पाऊस दसरा-दिवाळीच्या सुमारास सरतो, हिवाळा शिमग्याच्या आधी. या दोहोंत चार महिन्यांचे अंतर आहे. मराठी वाचकाला दोन चरणांत दोन वेगळ्या घटना दिसतात आणि त्यांचा क्रमही उलटा वाटतो. मूळ हिब्रू शब्द ‘स्ताव’ हा शास्त्रात या एकाच ठिकाणी येतो आणि आधुनिक हिब्रूमध्ये तोच शब्द शरद ऋतूसाठी वापरला जातो. ऋतूंची नावे अशी घरे बदलत असतात.

केवळ थंडीच सांगायची असेल तर ग्रीक भाषेत ‘प्सीखोस’ हा स्वतंत्र शब्द उपलब्ध होता आणि नव्या कराराच्या लेखकांनी तो वापरलाही आहे. येशूच्या चौकशीच्या रात्री चाकर कोळशाचा विस्तव पेटवून शेकत उभे राहतात तेथे योहान ‘प्सीखोस’ म्हणतो. मेलिता बेटावर बुडालेल्या गलबतातील माणसांसाठी बेटकरी शेकोटी पेटवतात तेथे लूक ‘पाऊस’ आणि ‘प्सीखोस’ असे दोन शब्द शेजारी ठेवतो. तेव्हा पलायनाच्या वचनात थंडीचेच भय सांगायचे असते, तर शब्द हाताशी होता. अचानक उठणाऱ्या वावटळीसाठीही ‘लैलाप्स’ हा वेगळा शब्द आहे आणि गालील सरोवरावरील प्रसंगात मार्क व लूक तोच योजतात. ‘खेइमोन’ म्हणजे या दोहोंहून निराळी, दिवसेंदिवस टिकणारी, माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवणारी हवा.

मराठी परंपरेत शब्दाची फाळणी

विल्यम केरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरामपूरहून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत छापला. तेव्हापासून मराठी भाषांतराची परंपरा अखंड आहे. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांशी झुंजून पंडिता रमाबाईंनी सिद्ध केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वसईचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले आणि त्याला भाषांतरासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या सर्वांच्या गुणदोषांची तुलना हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. चर्चमध्ये आणि घरोघर सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या प्रचलित मराठी पाठापुरते बोलायचे तर ‘खेइमोन’ची तेथे सरळ फाळणी झालेली दिसते. मत्तय १६ आणि कृत्ये २७:२० येथे ‘वादळ’, उरलेल्या चार ठिकाणी ‘हिवाळा’.

या फाळणीचे श्रेय किंवा दोष केवळ मराठी भाषांतरकारांकडे जात नाही. जेरोमच्या लॅटिन पाठातही एका जागी ‘टेम्पेस्टास’ आणि दुसऱ्या जागी ‘हिएम्स’ असे दोन शब्द आले आहेत. इंग्रजीने तीच वाट धरली. परंतु लॅटिन वाचकाच्या हवामानात हिवाळा आणि वादळ शेजारी नांदत होते, त्यामुळे शब्द दोन झाले तरी अनुभव एक राहिला. इंग्लंडातही हिवाळा म्हणजे ओल, गारठा आणि वारा. कोकणात आल्यावर मात्र हे दोन शब्द एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. ‘वादळ’ मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबरच्या मागेपुढे येते, हिवाळ्याशी त्याचा संबंध नाही. युरोपात निरुपद्रवी ठरलेला निर्णय येथे अर्थाला बाधक झाला.

पलायनाचे वचन

मार्क १३:१८ कडे पुन्हा वळू. या वचनात प्रार्थनेचा विषय एवढाच आहे की ते संकट ‘खेइमोन’मध्ये ओढवू नये. मत्तय त्यात ‘तुमचे पलायन’ हे शब्द आणि शब्बाथाचा उल्लेख घालतो. लूक हे वचनच गाळतो. आधीच्याच ओळीत गरोदर आणि लेकुरवाळ्या स्त्रियांचा उल्लेख आहे, हे विसरता कामा नये. वचनाची दृष्टी पूर्णतः देहाची आहे. ओझे घेऊन, मूल घेऊन, पायी चालणाऱ्या माणसाला वाट मिळेल का?

यहूदियाच्या डोंगराळ प्रदेशात एरवी कोरड्या असलेल्या घळी पावसाळ्यात तासाभरात भरून वाहू लागतात. यार्देन नदी फुगते. पळणाऱ्याला थंडीपेक्षा हे पाणी अधिक घातक. इतिहासकार जोसेफसने रोमनांविरुद्धच्या युद्धाच्या वृत्तांतात इ. स. ६८च्या वसंतारंभीची एक हकीकत नोंदवली आहे. रोमन घोडदळापुढे पळत सुटलेले लोक यार्देनच्या काठाशी आले, नदी पावसाने फुगलेली होती, उतार मिळेना आणि तेथेच त्यांची मोठी कत्तल झाली. कित्येक पाण्यात गेले. शुभवर्तमानाच्या भाष्यकारांनी या वचनाच्या संदर्भात ही हकीकत वारंवार उद्धृत केली आहे, आणि ते योग्यच आहे. ‘खेइमोन’मध्ये पळणे म्हणजे काय, याचे ते प्रत्यक्ष चित्र आहे.

वसईच्या वाचकाला यासाठी यार्देनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. शरणागतीच्या अटींनुसार किल्ला सोडून निघालेल्या पोर्तुगीज शिबंदीला गोव्याची वाट धरता आली नाही, कारण पुढ्यात पावसाळा होता. तो त्यांना मुंबईत इंग्रजांच्या आश्रयाने काढावा लागला आणि हवा उघडल्यावर सप्टेंबरअखेर त्यांना तेथून हलवण्यात आले. अगदी अलीकडचे पाहायचे तर जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली जाऊन रेल्वे थांबली आणि वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकून पडली. घर सोडावे तर वाट नाही आणि राहावे तर पाणी आत, हा अनुभव या तालुक्यात पुस्तकी नाही. अशा श्रोत्यांपुढे ते वचन ‘हिवाळ्यात होऊ नये’ असे वाचले जाते तेव्हा ते त्यांना स्पर्श न करता पुढे निघून जाते. ‘पावसापाण्याच्या दिवसांत होऊ नये’ असे वाचले असते, तर सभागृहात क्षणभर शांतता पसरली असती. अर्थाची हानी येथे होते. शब्द चुकीचा नाही, पण वचनातील करुणा श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही.

देवडीखाली फिरणारा येशू

योहान १०:२२ चे उदाहरण लहान पण बोलके आहे. समर्पणाच्या सणाचे दिवस, ‘खेइमोन’ होता आणि येशू मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरत होता, असा तपशील योहान देतो. हा सण किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो, म्हणजे साधारण डिसेंबरात. देवडी म्हणजे खांबांवर छप्पर असलेली पडवी. उघड्या प्रांगणात न फिरता तो छपराखाली का फिरत होता, याचे कारण त्या एका शब्दात आहे : बाहेर पाऊस-वारा होता. मराठी वाचक ‘हिवाळा होता’ असे वाचतो आणि त्याच्या मनात कोवळ्या उन्हात फेरफटका मारणारा माणूस उभा राहतो. हिवाळ्यात आपण छपराखाली जात नाही, उलट अंगणात उन्हाला जाऊन बसतो. कारण आणि कार्य यांचा सांधा निखळतो.

संत ऑगस्टिनने या शब्दाचा लाक्षणिक अर्थ काढला होता. थंडी होती, कारण ऐकणाऱ्यांची अंतःकरणे थंड होती, असा त्याचा आशय. तो सुंदर आहे, परंतु लॅटिन ‘हिएम्स’मधील गारठ्यावर उभा आहे. योहानाच्या वाक्यात प्रथम एक साधी, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे, आणि ती गमावून मिळालेला रूपकार्थ महागात पडतो असे वाटते.

समुद्र बंद होण्यापूर्वी

सर्वांत समृद्ध उदाहरण पौलाच्या समुद्रप्रवासाचे. कृत्यांच्या २७व्या अध्यायात लूक सांगतो की उपासाचा दिवस, म्हणजे प्रायश्चित्ताचा सण, होऊन गेला होता आणि गलबत हाकारणे धोक्याचे झाले होते. कालमापनाची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्या उघडतो, तेथे शरदातल्या उपासानंतर तो मिटू लागतो. रोमन लेखक वेगेतियसने नौकानयनाचे दिवसच घालून दिले आहेत. सप्टेंबरच्या मध्यापासून प्रवास बेभरवशाचा आणि ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शासनाची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि कोळी समाजाचा पूर्वापार रिवाज नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याचा. कारण वेगळे, महिने वेगळे, पण ‘दर्या बंद’ ही कल्पना दोन्हीकडे एकच.

पौलाचे गलबत ‘सुंदर बंदर’ नावाच्या ठिकाणी येते, परंतु ते बंदर ‘पाराखेइमासिया’साठी, म्हणजे खेइमोन काढण्यासाठी, सोयीचे नाही असे बहुमत पडते. अधिक चांगले बंदर गाठण्याच्या लोभाने ते पुढे निघतात आणि वाटेत गाठतो तो ‘खेइमोन’ (२७:२०), ज्यात पुष्कळ दिवस ना सूर्य दिसत, ना तारे. ग्रीक वाचकाला येथे एका मुळातील शब्दांची पुनरावृत्ती ऐकू येते. ज्या खेइमोनपासून आसरा शोधायचा होता, त्याच्याच जबड्यात ते सापडले. मधल्या अठराव्या ओवीत याच शब्दाचे क्रियारूपही येऊन जाते. मराठीत एकीकडे ‘हिवाळा घालवणे’ आणि दुसरीकडे ‘वादळ’ असे शब्द आल्याने कथेतील हा कडवट उपरोध नाहीसा होतो. हिवाळा घालवायला सोयीची जागा शोधणारी माणसे मराठी वाचकाला थंड हवेच्या ठिकाणी निघालेल्या प्रवाशांसारखी भासतात! ‘पावसाळा काढणे’ हा आपला वाक्प्रचार येथे किती नेमका बसला असता. होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी वा ताडपत्रीने झाकून, सुक्या बोंबलाची बेगमी करून चार महिने तगून राहणे, या अर्थाचा तो वाक्प्रचार आहे. ‘पाराखेइमासिया’ला त्याहून जवळचा शब्द प्रस्तुत लेखकाला तरी ठाऊक नाही.

या पार्श्वभूमीवर तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील विनवणी वाचावी. पत्राच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पत्रातील परिस्थिती स्पष्ट आहे. रोममध्ये बंदिवासात असलेला वृद्ध पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला बोलावतो आहे. इतर सोबती पांगले आहेत, एकटा लूक जवळ आहे. ‘खेइमोन’पूर्वी येण्याची होईल तितकी खटपट कर, असे तो लिहितो. याचा अर्थ असा की समुद्र मिटला तर चार महिने येता येणार नाही, आणि चार महिन्यांनी भेट होईलच असा भरवसा नाही. ‘हिवाळ्यापूर्वी ये’ हे शब्द मराठी कानाला सुट्टीच्या आमंत्रणासारखे लागतात. या वाक्यातील घाई आणि भीती मराठी किनाऱ्याच्या भाषेत एका शब्दात मावते. तो शब्द आहे आगोट. मृगाच्या आधीचे ते दिवस, जेव्हा घर शाकारायचे, जळण भरायचे, मीठ-मिरची-सुकी मासळी साठवायची, होडी वर घ्यायची आणि परगावी गेलेल्या माणसाने घरी पोहोचायचे. ‘आगोटीच्या आत ये’ हे वाक्य आगरी-कोळी घरात जो अर्थ देते, तोच पौलाच्या वाक्यात आहे.

एक हरकत येथे प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्याच पत्रात चार-दोन ओळी आधी पौल त्रोवस येथे ठेवलेला झगा घेऊन यायला सांगतो. म्हणजे थंडीचाही विचार त्याच्या मनात होता, आणि ‘खेइमोन’मधील गारठा येथे अजिबात गैरहजर नाही. ‘आगोट’ हा शब्द समुद्र बंद होण्याचा अर्थ पूर्ण देतो, पण झग्याला निराधार करतो. आगोटीला कोणी उबदार झगा मागत नाही, इरले मागेल.

मग करावे काय?

दुसरी हरकत अधिक मूलभूत आहे. ‘पावसाळा’ किंवा ‘आगोट’ घातल्याने वाचक यरुशलेमला कोकणात आणून बसवील. समर्पणाचा सण जुलैत येतो असा त्याचा समज होईल. पौल मे महिन्यात पत्र लिहितो आहे असे वाटेल. शास्त्र ज्या भूमीत घडले ती भूमी वाचकाला परकी वाटणे हा दोष नसून सत्य आहे, असे म्हणणारा पक्ष आहे आणि त्याचे म्हणणे वजनदार आहे. यूजीन नायडा यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या समतुल्य परिणामाच्या सिद्धांतावरही हाच आक्षेप घेतला गेला. वाचकाच्या सोयीसाठी मूळ जग पुसून टाकण्याचा अधिकार भाषांतरकाराला कोणी दिला?

प्रस्तुत लेखकाला ही हरकत काही जागी मान्य आहे, सरसकट मान्य नाही. योहान १० येथे सणाची तारीख निश्चित आहे, म्हणून ‘हिवाळा’ ठेवणे भाग आहे. परंतु ‘पावसाळी हिवाळा’ किंवा ‘हिवाळ्यातील पावसाचे दिवस’ असे म्हणण्यास कोणती अडचण आहे? दोन शब्द वाढतील, देवडीचे छप्पर सार्थ होईल. मार्क १३ व मत्तय २४ येथे तारखेचा प्रश्नच नाही. वचन भविष्याविषयी आहे आणि त्याचा भार पूर्णपणे हवेच्या अडथळ्यावर आहे, तेव्हा ‘पावसापाण्याचे दिवस’ हा पर्याय केवळ चालण्याजोगा नसून अधिक अचूक आहे. कृत्ये २७ येथे ‘वादळी ऋतू काढणे’ आणि ‘वादळी हवा’ असे म्हणून किमान एक दुवा राखता येईल. तीमथ्याच्या पत्रात ‘आगोट’ मूळ पाठात घालण्याचे धाडस प्रस्तुत लेखक सुचवणार नाही. ‘हिवाळ्यात समुद्र बंद होण्यापूर्वी’ एवढे पुरे. प्रवचनकाराने मात्र तो शब्द खुशाल उच्चारावा, त्याचे श्रोते उरलेले समजून घेतील.

मत्तय १६:३ मधील ‘वादळ’ही तपासून पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी आभाळ तांबडे दिसले तर ‘एउदिया’, म्हणजे उघडीप, आणि सकाळी तांबडे व झाकोळलेले दिसले तर ‘खेइमोन’, असा लोकांचा ठोकताळा येशू सांगतो. उघडिपीच्या विरुद्ध मराठीत वादळ नसते, झड असते. ‘आज झड लागणार’ हे शेतकऱ्याचे वाक्य येथे नेमके आहे. याच ओळींविषयी एक पाठचिकित्सेतील वाद आहे. सिनाई व व्हॅटिकन या दोन प्रमुख प्राचीन हस्तलिखितांत त्या नाहीत. त्या मागाहून शिरल्या असाव्यात, असे पुष्कळांचे मत. परंतु स्क्रिव्हनर आणि लाग्रांज या अभ्यासकांनी वेगळी शक्यता मांडली : ईजिप्तसारख्या देशात सकाळचे तांबडे आभाळ पावसाची खूण नसते, म्हणून तेथील नक्कलकारांनी अनुभवाला न पटणाऱ्या ओळी गाळल्या असतील. ही उपपत्ती सिद्ध झालेली नाही. तरी तिच्यातला नक्कलकार आमच्या वर्गातील विद्यार्थ्याचा दूरचा नातलग वाटतो. दोघांनीही संहिता स्वतःच्या आभाळाखाली वाचली. एकाने ओळ गाळली, दुसऱ्याने प्रश्न विचारला.

शेवटी याच कुळातील आणखी एका शब्दाचा उल्लेख करतो. अटकेच्या रात्री येशू किद्रोन ओलांडून बागेत जातो तेव्हा योहान (१८:१) त्या प्रवाहाला ‘खेइमार्रोस’ म्हणतो. खेइमोनमध्ये वाहणारा, एरवी कोरडा, असा त्याचा अर्थ. वल्हांडणाच्या सुमारास, पाऊस सरत आल्यावर, त्यात पाणी असेलच असे नाही. गोखिवऱ्याहून पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगराकडे निघाले की असे ओहोळ पायाखाली येतात. जुलैत त्यांच्यातून पलीकडे जाण्याची हिंमत होत नाही आणि मार्चमध्ये त्यांच्या पात्रातून गुरे चालत जातात. मराठी भाषांतरात या ठिकाणी ‘ओहोळ’ हा शब्द आलेला आहे आणि तो उत्तम आहे. ‘हिवाळी ओहोळ’ असे लिहिण्याचा मोह येथे कोणालाही झाला नाही.